कागदाला कळता कामा नये

काल आणखी एक पत्रिका आली. पाकिटातून काढली तर पत्रिका कसली, पाटच. इतका जाड कागद की वाकवला तर मोडेल. त्यावर अक्षरं छापलेली नव्हती, ठोकलेली होती. वधूच्या नावात नख अडकेल एवढा खड्डा. आणणारी बाई आमच्याच गल्लीतली. दारात उभ्या उभ्याच म्हणाली, जुन्या पद्धतीची छपाई आहे, हात लावून पाहा. मी हात लावला आणि मला किळस आली. तिला पाणी दिलं, कुंकू पुढं केलं, लग्नाला येते म्हणून सांगितलं. ती गेल्यावर पत्रिका पालथी घातली, तर मागच्या अंगाला सगळं लग्न उलटं उठून आलेलं. म्हणून पुन्हा सुलटी केली आणि कपाटात वर टाकून दिली.

तै महिना लागलाय. पौष-माघाच्या सांध्यावरचा हा तमिळ महिना. इकडे म्हणतात, तै जन्मला की वाट जन्मते. आधीच्या मार्गळी महिन्यात लग्नं करत नाहीत, त्यामुळे तुंबलेली सगळी लग्नं तैमध्ये एकदम सुटतात. पोंगलला दारात बांधलेली हळदीची ओली रोपं अजून पुरती वाळलेली नसतात. उसाची चिपाडं कोपऱ्यात पडलेली असतात. इन्नंबूरच्या बाजूला भातकापणी चाललेली असते, शेतकरी पेंढ्या रस्त्यावरच पसरतात आणि बसच्या चाकांनी फुकटात मळणी होते. नव्या भाताचा कोंडा नाकात जातो आणि सगळं गाव शिंकत शिंकत लग्नाला जातं. घरोघर पत्रिका, चारी कोपऱ्यांना हळद लावलेल्या. पूर्वी या महिन्याची मी वाट पाहत असे. हल्ली पाकीट दिसलं की उघडायला नको वाटतं.

कारण मी छापखान्यातली मुलगी. आमच्या अप्पांचा, म्हणजे वडिलांचा, छापखाना कुंभकोणमच्या बाजारात होता, पितळी भांड्यांच्या दुकानांना लागून. एका भिंतीपलीकडे हंड्यांवर हातोड्या पडायच्या आणि अलीकडे पायानं मारायचं ट्रेडल मशीन चालायचं. काम बहुतेक तमिळ. पण एका कोपऱ्यात नागरी खिळ्यांची एक केस, म्हणजे खणाखणांची पेटी होती, लांब पुण्या-मुंबईकडून कधीतरी मागवलेली. खिळा म्हणजे शिशाचं एकेक सुटं अक्षर. ते खणांतून वेचायचं, ओळीत जुळवायचं, छापायचं आणि काम झालं की परत आपापल्या खणात टाकायचं. आम्ही तंजावरकडचे मराठी. राजांच्या मागून पूर्वज इकडे आले, राजे गेले, भाषा मात्र स्वयंपाकघरात राहून गेली. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत आमची जुनाट मराठी. पण लग्नाची पत्रिका एका बाजूला तमिळ आणि दुसऱ्या बाजूला मराठी, ही आमच्या लोकांची रीत. पापनाशमपासून इकडे कुठल्याही मराठी घरात लग्न निघालं की ती दुसरी बाजू छापायला अप्पांकडे यायची. तैमध्ये अप्पा जेवायचेसुद्धा उभ्यानं.

तो तै मला वासांनी आठवतो. रॉकेल, शाई, ओला कागद, शेजारून येणारा चिंचेनं घासलेल्या पितळेचा आंबूस वास. दुपारी अप्पा घरी आले की आई आधी त्यांच्या हातावर चिंच ठेवायची. शिशाचे हात ताटाला लागता कामा नयेत, पोरांना तर नाहीच. शिसं पोटात गेलं की माणूस आतून काळा होतो, असं ती म्हणायची. ते शास्त्रानुसार किती खरं कोण जाणे, पण धाक खरा होता. अप्पा चिंच चोळून चोळून हात धुवायचे, तरी नखांच्या कडा काळ्याच राहायच्या. त्या काळ्या कडांनी दहीभात कालवताना त्यांना पाहिलं की मला घासच उतरत नसे. हे मुद्दाम सांगते, कारण जुन्या छापखान्याच्या आठवणी काढून डोळे पुसणारी मंडळी हल्ली फार झाली आहेत. त्यांनी एकदा रॉकेलच्या फडक्यानं शाईचे रूळ पुसावेत आणि मग त्याच नाकानं मोगऱ्याचा गजरा हुंगून पाहावा.

पण एक गोष्ट अप्पांची अशी होती की तिच्यासाठी त्या वासासकट सगळं माफ. जुळवलेल्या मजकुराचा पहिला कागद निघाला की ते तो वाचायचे नाहीत. वाचायचं काम माझं, मी म्हणूनच शुद्ध मराठी शिकले. ते कागद पालथा करायचे, डोळे मिटायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूवरून बोटांची पाठ फिरवायचे. बोटांवर विश्वास बसला नाही तर कागद गालाला लावायचे. कुठं काही टोचलं की मान हलवायची, मशीन थांबवायचं आणि कागदामागच्या थरात खटपट सुरू. इथला एक पापुद्रा काढ, तिथं पतंगाच्या कागदाचा नखाएवढा तुकडा चिकटव. सगळी अक्षरं सारखी, हलकी टेकली पाहिजेत. शाई बसली पाहिजे, पण दाब दिसता कामा नये. गिऱ्हाईक बाकावर बसून दुसरी कॉफी संपवायचं, मुहूर्त टळल्यासारखा चेहरा करायचं, आणि अप्पा आपले कागदाच्या पाठीवरून हात फिरवत. "कागदाला कळतां कामा नये," एवढंच म्हणायचे.

टोचलेले कागद रद्दी. ते माझ्या वाट्याला यायचे, त्यांच्या मागच्या बाजूवर मी गणितं करायची. पेन्सिल त्या उंचवट्यांवरून जाताना अडखळायची आणि माझे आकडे वाकडे यायचे. शाळेत बाई विचारायच्या, हे काय अक्षर? मी सांगायची, कागद वाईट आहे. आणि तो होताच वाईट. अप्पांचं सपशेल फसलेलं काम होतं ते. आज तेच फसलेलं काम लोक मखमली पाकिटात घालून दारोदार वाटतात, आणि वर म्हणतात, हात लावून पाहा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते याला.

माझं लग्न झालं, पुण्यात बरीच वर्षं काढली. तिथं माझ्या मराठीला लोक हसायचे, बखरीतून उठून आलीस का म्हणायचे. मीही हसायची. पुढं नवरा गेला आणि मी कुंभकोणमला परत आले. तोवर अप्पा नव्हते. माझ्या भावानं, रघूनं, छापखान्याच्या जागी डिजिटल प्रिंटिंगचं दुकान घातलं होतं. तमिळ खिळे मोडीत गेले होते. ट्रेडल आणि नागरी केस तेवढी मागच्या खोलीत ताडपत्रीखाली राहिली होती, घ्यायला कोणी आलं नाही म्हणून. मी दुपारची जाऊन बसू लागले. खण झाडले, खिळे पुसले, चार ओळी जुळवून पाहिल्या. हात विसरला नव्हता. मनात एक खूळ शिरलं की आपल्या लोकांच्या पत्रिकांची ती दुसरी बाजू पुन्हा छापावी. कोणाला परवडेल, कोण वाचेल, देव जाणे. पण मला ते करायचं होतं. उरलेल्या दिवसांत मला दुसरं काहीच करायचं नव्हतं. ते खिळे ओतणारे कारखाने केव्हाच बंद झाले, त्यामुळे जे होतं ते त्या केसमध्येच होतं. रघूला म्हणायला हवं होतं की केस मला दे. पण लग्न होऊन गेलेल्या मुलीनं माहेरी येऊन वस्तू मागायची नसते, अशी आमच्याकडची समज. मी मागितली नाही. रघू आपणहून देईल असं मला वाटत राहिलं.

गेल्या तैमध्ये रघूच्या मुलीचं, वसुंधरेचं, लग्न ठरलं. वसू चेन्नईला नोकरीला. पोर गुणी, अत्या अत्या करत मागं फिरणारी. तिला पत्रिका आजोबांच्या मशीनवर, आजोबांच्या खिळ्यांनी हवी होती. ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, देव पावला. मग वसूबरोबर तिची मैत्रीण आली, निला, अक्षरांची चित्रं काढणारी, म्हणजे संगणकासाठी नवे टाइप बनवणारी. मुलगी हळू बोलायची, हळू चालायची, खिळा उचलताना श्वास धरायची. तिची नजर चांगली होती, नाही म्हणणार नाही. पण तिनं केसमधले धड खिळे बाजूला सारले आणि झिजलेले, टवके उडालेले वेचून त्यांचे फोटो काढले. मी विचारलं, हे कशाला? तिनं तमिळमध्ये समजावून सांगितलं की ती त्यांवरून संगणकाचा टाइप करणार आहे. एकेका अक्षराची तीन तीन रूपं. एकात शाई फुटलेली, एकात कड खाल्लेली, एकात अक्षर जरा वाकलेलं. लिहिताना संगणक आपोआप आलटून पालटून वापरील, म्हणजे हातानं छापल्यासारखं वाटेल. टाइपाला नाव देणार होती 'अप्पा'.

माझ्या अंगावर काटा आला. जन्मभर ज्या माणसानं फुटलेली शाई कागदावर उतरू दिली नाही, त्याच्या नावानं फुटकी शाई विकायची. यंत्र बिचारं नीट छापू शकतं, तर त्याला चुकायला शिकवायचं. मेलेल्या माणसाच्या शर्टाला मुद्दाम ठिगळं लावावीत आणि म्हणावं, गरीब होता हो, तशातला हा प्रकार. रघूला म्हटलं तर तो म्हणाला, कौतुकानं करतायत, करूं दे की. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कोणाला?

मराठी बाजू मी जुळवली. ते सुख मला कोणी नाकारलं नाही. एक अख्खी दुपार मी अप्पांच्या उंच स्टुलावर बसून वसूच्या लग्नाच्या ओळी जुळवल्या, आजोबांचं नाव आलं तिथं जरा थांबले, मग पुढं गेले. पलीकडे हातोड्या तशाच पडत होत्या. तेवढी दुपार चांगली गेली.

दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा छपाई सुरू झाली होती. रघू पाय मारत होता आणि मशीन कण्हत होतं. आवाज ऐकूनच मला कळलं. कागदामागच्या थरात निलानं भर घातली होती, वरून तो गादीसारखा परदेशी कागद. दाब एवढा की दर फेऱ्याला सगळं मशीन हादरत होतं. मी खाली वाकून पाहिलं. खिळ्यांच्या बाहेर झुकलेल्या वेलांट्या, रफार, अनुस्वार, हे नाजूक असतात, हलकं टेकवलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. ते तुटून खाली तेलात पडले होते, मोहरीच्या दाण्यांसारखे. मी रघूला पाय थांबवायला सांगितलं.

वसूनं ताजी पत्रिका माझ्या हातात दिली. तिचा चेहरा असा उजळला होता की मला तिच्याकडं पाहवेना. तिनं माझी बोटं धरून मागच्या बाजूवरून फिरवली. म्हणाली, "अत्या, पाहा की. आजोबांचा हात लागतो."

"त्यांचा हात कद्धीं लागला नाहीं, वसू," मी म्हणाले. "तोच त्यांचा हात."

तिनं माझी बोटं सोडली. निलाला मराठी येत नव्हती, तिनं वसूकडं पाहिलं. वसूनं तिला तमिळमध्ये काहीतरी सांगितलं, बहुधा अत्या जरा भावुक झाल्या असं. मग रघू म्हणाला, कागद आणून ठेवलेत, मुहूर्त तोंडावर आलाय, आता काय करायचं? त्याचंही खोटं नव्हतं. मुलीच्या बापाला तैमध्ये दुसरं काही सुचत नाही. तो पुन्हा पाय मारू लागला आणि मी बाहेर येऊन भांड्यांच्या दुकानासमोर उभी राहिले. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. नुसता संताप आला, आणि संतापानं तोंड कडू झालं.

तरी मी मनाशी म्हटलं, मोडलेले बाजूला काढू, उरलेल्यांत भागवू. जुन्या कापडाचं होतं तसं. तुटलेल्या मात्रांशिवाय चालतील असे मजकूरही मी मनात रचू लागले. इतकी मी वेडी.

मग लग्नाच्या आधल्या दिवशी कळलं की खिळे वाटायचे आहेत. आमच्याकडे निघताना प्रत्येक पाहुण्याला तांबूल पै देतात, म्हणजे विडा, नारळ, हळदकुंकू घातलेली पिशवी. वसू आणि निलाच्या डोक्यातून निघालं की त्या पिशवीत प्रत्येकाला आजोबांचा एकेक खिळा द्यायचा, आठवण म्हणून. मशीनवर वापरलेले, न वापरलेले, सगळे. अख्खी केस. मी रघूकडे गेले आणि पहिल्यांदा स्पष्ट बोलले. म्हटलं, शिसं आहे ते, विड्याच्या पानाला लागेल, पोरं तोंडांत घालतील, आई असती तर तिनं तुला घरात घेतलं नसतं. रघूनं ऐकून घेतलं. संध्याकाळी येऊन म्हणाला की प्लास्टिकच्या इवल्या डब्या मागवल्यात, एकेका डबीत एकेक खिळा, आता भीती नाही. त्याला खरंच वाटत होतं की माझी अडचण त्यानं सोडवली.

तेव्हा मागायला हवं होतं का? मंडपाच्या दारात तोरण बांधत होते, वसूच्या हातावर मेंदी ओली होती. मी म्हणाले असते, केस मला हवी, तर रघूनं दिलीही असती, आणि वसूच्या लग्नात अत्यानं वाटा मागितला हे पापनाशमपर्यंत पोचलं असतं. मी काही बोलले नाही. ते योग्यच केलं असं मला आजही वाटतं, आणि तरीही त्या डब्या आठवल्या की मला ओकारी येते.

लग्न छान झालं. नादस्वरवाला दमदार होता, पंगतीत पायसम कमी पडलं नाही, वसू दृष्ट लागेल अशी दिसत होती. जेवणं झाली आणि लोक पिशव्या घेऊन निघू लागले. दारात डबी उघडून पाहायची, खिळा उन्हात धरायचा, कोणतं अक्षर निघालं ते विचारायचं, असा खेळच सुरू झाला. नागरी वाचणारे थोडे, त्यात खिळ्यावर अक्षर उलटं. ज्याला त्याला मीच वाचून दाखवायची. ज, की, भ. तुमचा ह, तुमची वेलांटी मोडलीय, सांभाळा. मी हसून हसून सांगत होते आणि एकेक अक्षर मोटारीत, रिक्षात, तिरुक्करुगावूरच्या बसमध्ये बसून निघून जात होतं. एका हाती एक खिळा. त्याचं एकट्याचं काय होणार? पाणीसुद्धा मागता येणार नाही त्याला.

मग तक्रारी येऊ लागल्या. एका मामींच्या डबीत अक्षरच नव्हतं. दोन्हीकडून पाहिलं, चारी बाजूंनी पाहिलं, गुळगुळीत. मागोमाग आणखी दोघांची तीच कथा. डब्या भरायला नवऱ्याकडच्या मुली बसल्या होत्या. केस ताटात उपडी केली आणि शिशाचं दिसेल ते भरलं. त्यात कोरे तुकडेही आले. दोन शब्दांच्या मधे जागा सुटावी म्हणून घालतात ते. उंचीला खिळ्यांहून जरा बुटके, त्यामुळे त्यांना शाई लागत नाही आणि ते कागदाला शिवत नाहीत. केसमध्ये ते नेहमीच भरपूर असायचे.

रघूनं मला पुढं केलं. म्हणाला, "अक्का, हें काय तें ह्यांना सांग."

मी मामींना सांगितलं की ती मोकळी जागा आहे, दोन शब्दांच्या मधली. ती नसेल तर शब्द एकमेकांवर चढतात, काही वाचता येत नाही. आमचे अप्पा जुळवताना सगळ्यात जास्त वेळ यांनाच द्यायचे. मामींनी मन लावून ऐकलं. डबी पुन्हा एकदा उन्हात धरली.

"सरि, पण ह्यांत पाहायचें काय?" त्या म्हणाल्या, आणि डबी माझ्या हातात देऊन त्याऐवजी एक नारळ जास्तीचा घेऊन गेल्या.

त्यांचं पाहून बाकीचेही परत देऊ लागले. रघूनं दाराशी एक पितळी ताट ठेवलं. ज्याच्या डबीत अक्षर, तो ती खिशात घालून जाई. ज्याच्यात नाही, तो ती ताटात टाकून नारळ उचली. ऊन उतरेपर्यंत ताट भरलं. वसू सासरी निघाली, रडली, माझ्या पाया पडली. मी तिला पोटाशी धरलं, कारण पोर ती पोर. मग मंडप रिकामा झाला, केळीची पानं गोळा करणाऱ्या बायका आल्या, आणि रघूनं विचारलं की हे ताटातलं टाकून देऊ का.

मी ते पदरात ओतून घरी आणलं. एकेक डबी उघडली, तुकडे धुतले, पुसले. कुठं ओरखडा नाही, टवका नाही. इतक्या वर्षांत एकालाही कागद लागला नव्हता.

अक्षरं गावोगाव गेली. मधल्या जागा तेवढ्या माझ्याकडे आहेत.